सीगलचा निकाल मला मान्य नव्हता

आमची टीम त्या वर्षीही हरली. हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणी आशा लावून वाचू नये. मला आशा कधीच नव्हती. हिला असायची. ही म्हणजे माझी बायको. ती ऑगस्टात गेली. टीमचा सीझन सप्टेंबरअखेर संपला, तोवर टीमनं पद्धतशीर माती खाल्ली. हिच्या जाण्याचं त्यांना दुःख झालं म्हणावं, तर ती असतानाही ते असेच खेळायचे.

खेळ बेसबॉल. भोसरीत लेथवर आयुष्य काढलेला, आठवी नापास माणूस अमेरिकेचा बेसबॉल कशाला बघेल, असं पुण्याहून फोन करणारे विचारतात. त्याचं कारण घड्याळ. २०१३ साली आम्ही पोराकडे ऑकलंडला राहायला आलो. पोरगा कॉम्प्युटरवाला, सून बँकेत. सकाळी साडेसातला दोघं घराबाहेर. मग दिवसभर घरात आम्ही दोघं आणि बाहेर पाऊस. सकाळी अकराला अमेरिकेत संध्याकाळ असते, त्यांच्या मॅचेस तेव्हा चालू होतात. त्या वेळेला टीव्हीवर जिवंत खेळ तेवढाच एक. बाकी सगळं कालचं शिळं, नाहीतर बायका केक करतात.

नियम कुणी शिकवले नाहीत. आम्ही बघून बघून बसवले, आणि पहिले सहा महिने चुकीचे बसवले. पळणारा माणूस ज्या चौकोनी पांढऱ्या गादीवर पाय टेकवतो तिला बेस म्हणतात. ही तिला उशी म्हणायची. पहिली उशी, दुसरी उशी, तिसरी उशी आणि मग घर. चेंडू आधी पोचला तर आउट, माणूस आधी पोचला तर सेफ. एवढं कळलं की भांडायला पुरतं.

टीम हिनं निवडली. तिचा मॅनेजर, म्हातारा, पोट सुटलेला, सारखा काहीतरी चघळत थुंकायचा. ही म्हणाली, "हा अगदी माझ्या थोरल्या मामासारखा थुंकतो. आपली टीम हीच."

"मामा काय जिंकायचा आयुष्यात?"

"नाही. पण कधी रडला नाही."

झालं. पुढची चार वर्षं आम्ही त्या मामाच्या टीमला बांधलो गेलो. त्यांचा एक खेळाडू चेंडू इतका लांब मारायचा की ही टाळ्या वाजवायची, आणि पुढच्या तीन वेळा हवेत बॅट फिरवून परत यायचा. फेकणारे पहिला अर्धा खेळ वाघ, नंतर शेळ्या. दर एप्रिलात ही म्हणायची, "यंदा पोरं जरा सुधारलीत." दर जुलैत मी म्हणायचो, "कुठं?"

पण खरं भांडण टीमवरून नव्हतंच. अंपायरवरून होतं.

माझं मत पहिल्या दिवसापासून एकच. मशीन लावा. मी एकतीस वर्षं लेथवर गाड्यांचे शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडे, कापले. शाफ्ट झाला की त्याला गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचा. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. साहेब ओळखीचा आहे म्हणून शाफ्ट बारीक होत नाही. मग इथं काय चाललंय? फेकलेला चेंडू गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली, त्या 'घरा'च्या रुंदीतून गेला की नाही, एवढंच सांगायचं. टीव्हीवाले तिथं बारीक चौकट काढून दाखवतात. चेंडू चौकटीच्या बाहेर ढळढळीत दिसतो आणि तो मागं वाकलेला जाड्या अंपायर हात उडवून ओरडतो, आत! घरात बसलेल्या आठवी नापासाला दिसतं, आणि पगार घेणाऱ्याला नाही.

मग २०१४ साली त्यांनी नवीन काढलं. पळणारा आउट की सेफ यावर मॅनेजरला शंका आली तर तो तक्रार करणार. मग अंपायर कानाला हेडफोन लावून न्यूयॉर्कला बोलणार. तिथं कुणीतरी खोलीत बसून दहा बाजूंनी चित्र बघणार आणि सांगणार. मला इतका आनंद झाला की मी हिला उठून चहा करून दिला.

हिला ते अजिबात आवडलं नाही. "एवढा मोठा बाप्या, आणि फोन लावून विचारतो? समोर उभा होता ना?"

"अगं, चुकला असेल तर?"

"चुकला तर चुकला. माणूस आहे. निकाल देऊन मोकळा झाला ना?"

हिचं डोकं कुठून चालायचं ते मला माहीत होतं. आमच्या चाळीत एक नळ आणि चाळीस बायका. कुणाचा हंडा आधी, हे हिनं वीस वर्षं ठरवलं. ती म्हणायची, "माझे निम्मे निकाल चुकलेच असतील. पण पाणी दोन तासच यायचं. बरोबर ठरवत बसले असते तर कुणाच्याच हंड्यात थेंब पडला नसता."

"म्हणजे तू चाळीस बायकांना फसवलंस."

"चाळीसही जणी माझ्या लेकाच्या लग्नाला आल्या. तुमच्या कारखान्यातले किती आले?"

सहा आले होते. मी चहा पीत बसलो.

त्याच सुमाराला सून आम्हाला लायब्ररीत घेऊन गेली. तिथल्या भिंतीवर एक कागद होता, बॅट आणि चेंडूचं चित्र. हिनं सुनेला वाचायला लावलं. इथंच, बसनं पंचवीस मिनिटांवर एक मैदान, नोव्हेंबरपासून दर रविवारी बेसबॉल, कुणीही या. हिनं तो कागद अख्खा पाठ केला, इंग्रजी न येता.

"अहो, एकदा जाऊ या."

"तिकडं काय बघायचं? पोटं सुटलेली माणसं हौसेनं खेळणार. स्लो मोशन आहे का तिथं? चौकट आहे का? इथं पाय गरम ठेवून सगळं दिसतंय."

"मला वास घ्यायचाय गवताचा. आणि तो आवाज. बॅटला लागल्याचा."

"टीव्हीचा आवाज वाढव."

इकडं नोव्हेंबरात उन्हाळा लागतो. दोन उन्हाळे तिनं विचारलं. दोन उन्हाळे मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर स्लो मोशन हे निमित्त होतं. मला बसमध्ये चढायची भीती वाटायची. ड्रायव्हरनं काही विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही तर, हिच्यासमोर. बास, एवढंच. तिसऱ्या उन्हाळ्यात तिनं विचारलंच नाही. मला वाटलं विसरली, बरं झालं.

मग ऑगस्टात हिच्या छातीत दुखायला लागलं, आणि चार दिवसांत आटोपलं. हॉस्पिटलात शेवटचं काय बोलली तर, "गॅस बंद केलात का?" घरात गॅस नाहीच, विजेची शेगडी आहे. मी म्हटलं, केला.

सुतकात टीव्ही लावायचा नाही, हे सुनेनं सांगितलं. एरवी पोळ्या पाकिटातल्या आणणारी सून, पण हे तिला बरोबर ठाऊक होतं. अकरा वाजले की मी काळ्या टीव्हीसमोर बसायचो. बसून एकच गोष्ट डोक्यात फिरायची. हिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलं किती? त्यातलं हे एक फुकटातलं होतं, बसनं पंचवीस मिनिटं, आणि मी ते अडवलं. ती ते मनात घेऊन गेली का? बाकी टीम हरो नाहीतर जळो. मला तेवढंच कळून घ्यायचं होतं.

आपल्याकडं हे कळायची सोय आहे. दहाव्याला पिंड ठेवायचा. कावळा शिवला म्हणजे माणूस तृप्त गेला. नाही शिवला म्हणजे काहीतरी राहिलंय. मग घरच्यांनी हात जोडून वचनं द्यायची, तुझं अमुक करू, तमुक करू. बरोबर वचन सापडलं की कावळा येतो. म्हणजे कावळा हा अंपायरच की. फरक एवढाच, की न्यूझीलंडात आमच्या भागात कावळा नाही. औषधालासुद्धा नाही.

पोरानं पुण्याचे गुरुजी मोबाइलवर घेतले. इथं दुपारचे बारा, तिथं पहाटेचे साडेपाच. गुरुजी मफलर बांधून, एक डोळा उघडा. आम्ही समुद्रकिनाऱ्यावर, वारा असा की उपरणं उडून सुनेच्या तोंडावर. वाळूत पान मांडलं, पानावर पिंड, शेजारी डब्याच्या झाकणात हिच्या आवडीचे वडे. लांब पाटी होती, पक्ष्यांना खायला घालू नका. पोरगा त्या पाटीकडं पाठ करून उभा राहिला.

"गुरुजी, कावळा नाही. सीगल आहेत. चालेल?"

गुरुजींनी दुसरा डोळा उघडला. "रंग कोणता?"

"पांढरा."

"हरकत नाही. देशकालानुसार चालतं."

अर्धा तास सीगल गोल फिरत होते. मग एक आला, झपकन उतरला आणि उडाला. गुरुजी पुण्यातून ओरडले, "शिवला! शिवला!" पोरानं हात जोडले. सून रडायला लागली. दोघांचे चेहरे एकदम सैल झाले.

मी म्हटलं, "नाही शिवला."

"बाबा?"

"त्यानं वडा उचलला. झाकणातला. पिंडाला चोच लागली नाही."

"बाबा, गुरुजी म्हणतायत ना."

"गुरुजी पुण्यात आहेत. मी इथं दोन हातांच्या अंतरावर उभा आहे."

सून नातेवाइकांना पाठवायला तिच्या मोबाइलवर शूटिंग करत होती. मी म्हटलं, मागं फिरव. तिनं पोराकडं बघितलं. पोरगा म्हणाला, "बाबा, प्लीज, सोडा ना. आईचा दहावा आहे, मॅच आहे का ही?"

मी म्हटलं, "मॅच असती तर सोडलं असतं."

तिनं फिरवलं. वाऱ्यात तिघं एका मोबाइलवर वाकलो. पक्षी येतो, चोच वड्यावर, पंख पिंडाच्या वरून जातो, टीचभर वरून. परत बघितलं. टीचभर. माझी नजर एकतीस वर्षं अंतरं मोजत आलेली आहे. वडा.

गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "मुख्य काय तर भाव." मग म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवा. दर्भ आणला नव्हता. मग म्हणाले, तर मग वचनं द्या.

पोरगा पुढं झाला. "आई, मी बाबांना वृद्धाश्रमात टाकणार नाही." हे कुणी विचारलं होतं? सून म्हणाली, "आई, तुमची तुळस मी मरू देणार नाही." ती तुळस मेली होती, जूनमध्येच. सीगल लांब जाऊन बसले.

मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. मला वचन माहीत होतं. पण पोरासमोर, सुनेसमोर आणि मोबाइलातल्या मफलरसमोर कसं म्हणायचं, की बाई, मी तुला बसच्या भीतीनं अडवलं? मी खाली वाकलो आणि पिंडाला पुटपुटलो, "जाईन मैदानावर. तू नसलीस तरी जाईन." मान वर केली. एक पक्षी हलला नाही. तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि पान, पिंड, झाकण, सगळं घेऊन गेली.

"जलार्पण झालं!" गुरुजी म्हणाले. "उत्तम झालं!" आणि फोन ठेवला. मला वाटतं झोपले.

पोरगा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं. त्याच्या आईचा निकाल लागला होता, तृप्त, आणि मी तो खोडून काढला. पण खोटा पास झालेला शाफ्ट गाडीत बसतो आणि मग रस्त्यात मोडतो. मी काय करू?

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी मी कोट घालून बसस्टॉपवर निघालो. सुनेनं दारात अडवलं. "कुठं?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, बसचंही. तिनं चाव्या घेतल्या आणि म्हणाली, "मी सोडते. ढीगभर वेळ आहे मला." तिला वेळ कधीच नसतो.

मैदान म्हणजे गवत, एक जाळी आणि चार बाकं. सूनही माझ्याबरोबर थांबली. पोटं सुटलेली माणसं होतीच, मी सांगितल्याप्रमाणे. शेजारी एक माओरी म्हातारा बसला होता, अनवाणी, गार वाऱ्यात. "किआ ओरा," म्हणाला, म्हणजे त्यांचा नमस्कार. मीही म्हटलं, किआ ओरा. एवढं येतं मला. त्यानं थर्मासमधला चहा दिला. साखर नव्हती. वासही आला गवताचा, ओलं गवत आणि कुणाचे तरी मोजे. बॅटला चेंडू लागला की आवाज टीव्हीसारखा नव्हता. टीव्हीत टण्ण येतो. इथं पोटात लागतो.

आणि अंपायर एक बाई. थोराड, पायांना पॅड, तोंडाला जाळी, घसा असा की पलीकडच्या रस्त्यावरचे थांबावेत. चौथ्याच चेंडूला तिनं चौकटीबाहेरचा आत दिला. चौकट तिथं नव्हती, पण माझ्या डोळ्यांत ती आता कायमची बसलेली आहे. मी उठून ओरडलो, "अगं ए बाई, डोळे आहेत का बटणं!"

मराठी तिला कळलं नाही, पण सूर कळला. त्या डावानंतर ती जाळी वर सारून सरळ माझ्याकडं आली. मी सुनेकडं सरकलो. बाई काहीतरी म्हणाली. सून हसायला लागली.

"बाबा, ती म्हणते, तुम्हाला एवढं दिसतं तर पहिल्या बेसवर उभे राहा. त्यांना माणूस कमी पडतोय."

"तिला सांग मी एकाहत्तरचा आहे. इंग्रजी येत नाही."

सुनेनं सांगितलं. बाई म्हणाली, इंग्रजी कशाला हवं, हात वर केला की आउट, दोन्ही बाजूला पसरले की सेफ. नंतर समजलं की तिथला रिवाजच तो आहे. जो बाहेरून जास्त ओरडतो त्याला टोपी देतात. त्यामुळं सगळे जपून ओरडतात.

पुढच्या रविवारी मी पहिल्या उशीपाशी उभा. डोक्यावर टोपी, पायात पोराचे बूट. पहिले दोन निकाल सोपे होते. तिसऱ्याला एक उंच गडी जीव खाऊन पळत आला, चेंडू पलीकडून आला, धूळ उडाली, दोन्ही एकाच वेळी. मला काही दिसलं नाही. सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं. आणि माझा हात वर गेला. कुणी नेला माहीत नाही. हात वर गेला तेव्हाच आतून कळलं, चुकला. पण हात खाली येईना. तो गडी मला काहीतरी बोलला. इंग्रजी येत नसल्याचा हा फायदा. मान खाली घालून निघून गेला.

गाडीत सून म्हणाली, "बाबा, मी शूट केलंय. बघायचंय?"

समुद्रावर हट्ट धरणारा मी. नाही कसा म्हणणार? बघितलं. पाय उशीवर वीतभर आधी. वीतभर! असा शाफ्ट मी भंगारात फेकला असता.

तो आठवडा कसाबसा काढला. सकाळी अकराला टीव्हीसमोर बसलो तरी टीमचा सीझन संपलेला, दुसरं काही बघवेना. अंपायर किती गाढव असतात हे मी चार वर्षं हिला सोफ्यावरून समजावून सांगितलं होतं. धुळीत उभं राहिलं की काय होतं हे हिला न बघता माहीत होतं. ते ऐकायला मात्र आता घरात कुणी नव्हतं.

सुनेकडून मी चार शब्द पाठ करून घेतले. पुढच्या रविवारी तो उंच गडी खेळ सुरू व्हायच्या आधी पावात सॉसेज गुंडाळून खात उभा होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"लास्ट संडे. यू सेफ. मी राँग. सॉरी."

तो चावायचा थांबला. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या टोपीकडं. त्याला काही आठवेना. मी पहिल्या उशीकडं बोट दाखवलं, हात वर करून दाखवला. तेव्हा कुठं डोक्यात आलं. "ओह, दॅट! स्वीट अ‍ॅज, मेट," म्हणाला, म्हणजे चालतंय हो, असं सुनेनं नंतर सांगितलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सॉस लागला कोटाला.

म्हणजे मी सात दिवस तळमळलो आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो पठ्ठ्या घरी जाऊन विसरला होता. उशीपाशी जाऊन उभा राहिलो आणि क्षणभर छाती हलकी झाली. वाटलं, हीसुद्धा विसरली असेल. तिसऱ्या उन्हाळ्यात विचारलं नाही ते त्यामुळंच. मनात काही घेऊन गेलीच नसेल. मीच उगाच सीगलशी भांडलो.

मग विचार केला. चौऱ्याऐंशी साली तिच्या भावाच्या लग्नात मी तिला निळी साडी नेसू दिली नव्हती. ते तिनं मला मरेपर्यंत ऐकवलं. गेल्या जुलैत सुद्धा ऐकवलं, भाजी निवडताना, काही कारण नसताना.

छे. ती नाही विसरलेली.

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. आता बसनं जातो. ड्रायव्हर काही विचारत नाही.